विकेट बघून चेंडू टाक

निर्मळ, वसई

चि. भाचीस,

तुझा प्रश्न असा, की डावखुरी फिरकी तीच, बोटं तीच, तरी चेंडू एका मैदानावर हातभर वळतो आणि दुसऱ्यावर सरळ निघून जातो. मग मनगटात काही बिघडलंय का? मनगटाला दोष देण्याआधी खाली बघ. चेंडूला फिरकी तू देतेस, पण त्या फिरकीचं पुढे काय करायचं ते माती ठरवते. आपल्याकडे भात कापलेल्या शेतात टेनिसच्या चेंडूने खेळताना हे फारसं जाणवत नाही, कारण त्या चेंडूला शिवण नसते आणि तो रबराच्या जोरावर उसळतो. आता नालासोपाऱ्याहून लोकल पकडून तू लेदरच्या चेंडूने खेळायला जातेस. हा चेंडू शिवणीवर पडला तर माती धरतो आणि गुळगुळीत अंगावर पडला तर घसरतो. जुना होऊन शिवण दबली, की धरणंही कमी होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: चेंडू आपला ठेवावा, वेग मात्र विकेटला विचारून ठरवावा.

वानखेडेवर नोव्हेंबर 2012 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत नाणेफेक आपण जिंकली, फिरकीपटू तीन खेळवले, आणि सामना 10 गड्यांनी हरलो. आपल्या 20 पैकी 19 गडी इंग्लंडच्या पनेसर आणि स्वान या दोन फिरकीपटूंनी घेतले. त्यातले 11 पनेसरचे. वानखेडेची माती लाल. तिच्यात चिकण अंश कमी, त्यामुळे ती लवकर सुकते, वरून भुसभुशीत होते आणि चेंडू उसळतो. पनेसर मुळातच इतर फिरकीपटूंपेक्षा जोरात टाकणारा. चेंडू जोरात येऊन वळतो आणि वर उसळतोही, म्हटल्यावर फलंदाजाला मागे जायला वेळ कुठला? आता पुण्याजवळच्या गहुंजेचा ऑक्टोबर 2024 चा सामना घे. तिथली विकेट काळ्या मातीची, संथ आणि खाली राहणारी. तिथे न्यूझीलंडच्या सँटनरने 157 धावांत 13 गडी घेतले, पण पनेसरसारखा एकाच जोराने मारा करून नव्हे. तो वेग सतत कमी-जास्त करत राहिला; हळू चेंडू माती धरून वळत होता आणि त्या वळणाच्या अपेक्षेने खेळणाऱ्याला पुढचा वेगवान चेंडू सरळ येऊन चकवत होता. दोघेही तुझ्यासारखेच डावखुरे, पण जमीन वेगळी म्हणून यशाची रीतही वेगळी.

तू म्हणशील, ही कसोटीची माणसं, त्यांच्यासाठी विकेट मुद्दाम बनवतात. आमच्या वाट्याला येईल ती विकेट. अगं, म्हणून तर ओळखायला शिकणं तुला जास्त गरजेचं! मुंबईची कांगा लीग 1948 पासून पावसाळ्यात खेळली जाते. तिथल्या ओल्या विकेटवर सकाळचा अंदाज दुपारी ऊन पडलं की खोटा ठरतो. अशा क्रिकेटमध्ये मुंबईच्या कितीतरी पिढ्या तयार झाल्या.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे. सतत बदल करत राहिलं तर स्वतःचा हुकमी चेंडूच हरवेल, आणि आपले डावखुरे फिरकीपटू बापू नाडकर्णी तर एकाच टप्प्यावर दिवसभर टाकत. खरं आहे. जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग 21 षटकं निर्धाव टाकली. डावाचा हिशेब 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. पण गडी? शून्य. त्या अचूकतेला मी कमी लेखत नाही, तुला ती आधी कमवावीच लागेल. मात्र त्या डावात एवढ्या अचूकतेनेही गडी मिळाला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. शिवाय मी तुला पकड बदल असं सांगतच नाहीये. पकड, धाव, खांदा यांना हात लावू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल: आधी वेग, त्याने भागलं नाही तर टप्पा. दोन्ही एकदम बदललंस तर फरक कशाने पडला हे तुलाच कळणार नाही.

विकेट ओळखायला क्युरेटरचं ज्ञान नको. पहिल्या षटकात यष्टिरक्षक तुझा चेंडू कमरेशी घेते की नडगीशी, आणि फलंदाज मागे जाऊन खेळू शकते का, एवढं बघ. कमरेशी येत असेल तर जोर वाढव; नडगीशी येत असेल तर एक चेंडू हळू सोड, एक झटकन, आणि दोन्हींसाठी धाव अगदी सारखी ठेव. येत्या रविवारच्या पहिल्या षटकातले सहाही चेंडू कुठे घेतले गेले ते मला लिहून पाठव. गडी किती मिळाले ते नंतर सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
मामा