जुन्या फॉन्टमधील काम युनिकोडमध्ये नेताना

नांदेड व लातूर येथे छापखाना आणि डीटीपीच्या धंद्यात आपले अनेक कारागीर बांधव आहेत. लग्नपत्रिका, बिलबुके, आडत दुकानांच्या पावत्या, स्मरणिका ही त्यांची रोजची कामे. वर्षानुवर्षांचे हे काम संगणकात साठलेले असते. मराठीचे काम श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये, तर उर्दूचे इनपेजमध्ये. आता ग्राहक मजकूर मोबाइलवरून पाठवितो आणि तो युनिकोडमध्ये असतो. पेजमेकरमध्ये तो चालत नाही. त्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली होती. मग ऑपरेटर सगळे पुन्हा टाइप करतो. एका पत्रिकेपुरते हे ठीक, पण शंभर पानांच्या स्मरणिकेत दिवस वाया जातात. म्हणून बदल करावा लागणार आहे. तो कसा करावा, याचा येथे विचार करू.

प्रथम अडचण समजून घेऊ. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असते. संगणक ते इंग्रजीच समजतो. म्हणूनच फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अगम्य इंग्रजी दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ म्हणजे २३२५, मग फॉन्ट कोणताही असो.

‘मिर्झा’ हे नाव घ्या. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी ‘म’च्या आधी आणि रफार ‘झ’च्या नंतर साठविला जातो. युनिकोडमध्ये वेलांटी ‘म’च्या नंतर आणि ‘र’ ‘झ’च्या आधी येतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही उलटापालट अचूक करावी लागते. त्याहून नाजूक बाब मराठीतील ‘ऱ्य’ची आहे. ‘व्यापाऱ्यांसाठी’ याचे ‘व्यापार्यांसाठी’ झाले, तर हिंदीच्या नियमाने बनविलेल्या प्रोग्रामला त्यात चूक दिसत नाही. ग्राहकाला मात्र पहिल्या ओळीतच दिसते.

सर्वांत महाग चूक बिलबुकात होते. जीएसटी क्रमांकात आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिळून १५ खुणा असतात. मराठी मजकुराबरोबर तो क्रमांकही रूपांतराला दिला, तर त्यातील इंग्रजी अक्षरांचीही मराठी अक्षरे होतात. साध्या मजकुरात कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये होता, हे प्रोग्रामला कळत नाही. आम्ही स्वतः एकदा एका रात्रीत संपूर्ण स्मरणिका बदलली आणि जागा वाचावी म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. सकाळी पाहतो तो जाहिरातदारांचे ई-मेल पत्ते अगम्य झालेले! ते पुन्हा मिळविण्यासाठी दुकानोदुकानी जावे लागले.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही अशी स्थलांतरे करावी लागतात. केडीई हा जगभरच्या स्वयंसेवकांचा मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प आहे. मूळ फाइलींतून चालता प्रोग्राम तयार करण्यासाठी त्यांच्याकडे ऑटोटूल्स ही जुनी यंत्रणा होती. २००५ साली त्यांनी तिच्याऐवजी स्कॉन्स घेण्याचे ठरविले. ते जमेना, तेव्हा २००६ मध्ये ते सोडून सी-मेककडे वळले. सर्व कामाचा पाया असलेला भाग प्रथम नव्या यंत्रणेवर आणला, मग बाकीचे भाग. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ बाहेर पडले, ते सी-मेकवरच. निवडलेले साधन चुकले तर ते लवकर सोडावे, झालेल्या मेहनतीची लाज बाळगू नये, असे आमचे मत आहे.

छापखान्यातही असेच करावे. मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. मग एकाच नेहमीच्या ग्राहकाचे बिलबुक घेऊन ते नव्या पद्धतीत करावे. जुनी व नवी छापील प्रत काचेवर एकावर एक ठेवून उजेडात पाहावी. जीएसटी क्रमांक, फोन, रक्कम आणि इंग्रजी मजकूर हाताने टाइप करावा. काही दिवस दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू द्याव्यात. सगळेच जुने काम बदलण्याचा हट्ट मात्र नको. जे ग्राहक परत येतात त्यांचेच बदलावे, बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवली की पुरे.

एकाच वेळी दोन बदल करू नयेत. ऑपरेटरची बोटे ज्या कळफलकावर बसली आहेत, तोच कळफलक युनिकोडमध्येही मिळत असेल तर घ्यावा. पानमांडणीसाठी इनडिझाइन असल्यास वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा, नाहीतर जोडाक्षरे तुटतात. मोफत साधन हवे असल्यास स्क्रायबस आहे, आणि मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्ता व बालू हे फॉन्ट धंद्यासाठीही विनामूल्य वापरता येतात.

उर्दूत वेगळी तपासणी लागते. अरबी काफ व उर्दू काफ, तसेच अरबी ये व उर्दू ये दिसायला जवळचे असले तरी त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. मिसळ झाली की शोधताना नाव सापडत नाही. पत्रिकेपुरते हे कोणाच्या लक्षात येणार नाही, पण मदरशाची किंवा संस्थेची सभासदयादी करताना ते आधीच पाहून घ्यावे.