मुरुडच्या स्टँडवरून विमानाचा हिशेब

माय, पुणे-दिल्ली विमान सव्वादोन तासांचं आहे म्हणतेस. खरंय, पण ते विमानाचं झालं. तुझा प्रवास आपल्या लातूरकडच्या मुरुडच्या स्टँडवर सुरू होतो, तिथून मोज.

आधी विमानाचा आडाखा ऐक. साडेसातशे किलोमीटरला एक तास, वर चाळीस मिनिटं. ही चाळीस मिनिटं धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात जातात. अंतर लहान असलं म्हणून सुटत नाहीत. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर, म्हणजे दोन तास दहा मिनिटं. पुणे-हैदराबाद जेमतेम ५००, तरी सव्वा तास लागतोच. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ताशी पाचशेच्या आतच धर.

दुबईला मात्र हा आडाखा चुकल्यासारखा वाटेल. मुंबईहून १९३० किलोमीटर, सव्वातीन तास. तिकिटावर दहाला निघून पावणेबाराला पोचशील असं दिसेल! तिकिटावर ज्या-त्या गावची वेळ लिहितात आणि दुबईचं घड्याळ आपल्या मागं दीड तास. परतताना हेच उलट: दहाला निघालीस तर पावणेतीन वाजतील.

आता जमिनीवरचं, खरा वेळ इथंच खातो. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करून पुण्याला सहा-सात तास धर. ट्रॅव्हल्सवाला स्वारगेटचं तिकीट फाडेल, तू हडपसरलाच उतर. तिथून खराडीच्या अंगानं लोहगावचं विमानतळ जवळ पडतं. स्वारगेट गाठून परत उलटं येण्यात काय हशील? हैदराबादहून जायचं असेल नि गाडी घरची असेल, तर पाटणचेरूजवळ बाहेरच्या रिंगरोडला लाग, शहरात न शिरता शमशाबादच्या विमानतळाला पोचशील. बसनं गेलीस तर ती शहराच्या मधोमध सोडते, तिथून पुढं आणखी तास-दीड तास. नांदेडची विमानं चालू-बंद होत असतात, विचारल्याशिवाय बेत आखू नकोस.

सामान घेणारा काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो, गेट पंचवीस मिनिटं आधी. एसटीसारखा हात दाखवून थांबवता येत नाही. म्हणून सुटायच्या दोन तास आधी विमानतळावर असावं, आणि बस त्याहून दोन तास आधी पुण्यात पोचेल अशीच धरावी. वाटेत टायर पंक्चर व्हायचंच.

आजी सुकं खोबरं बांधून देईल. तेलामुळं पेट घेतं म्हणून मोठ्या बॅगेत ते चालत नाही. बॅग उघडायला लावली की रांग गेली. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेव.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं पहाटेचं विमान घेऊ नकोस, धुक्यात अडकतं. दुपारचं घे, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि परतताना रात्री अकराला पुण्यात उतरणारं तिकीट स्वस्त दिसेल, तेही नको. सामान हाती येऊन हडपसरला पोचेस्तोवर लातूरच्या बहुतेक रातराण्या निघून गेलेल्या असतात.