ऑर्गनची साथ कागदावर कशी उतरवावी?



आपल्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे ऑर्गन वाजविणाऱ्या काकांच्या बोटांत जी साथ आहे ती कुठेच लिहिलेली नाही. गीतांचे शब्द पुस्तकात आहेत. पण डाव्या हाताचे स्वर आणि दोन कडव्यांमधले तुकडे फक्त त्यांनाच पाठ. आता काकांना माळ्याचा जिना चढवत नाही. म्हणून गायकवृंदातील आम्ही काही जणांनी ही साथ संगणकाच्या मदतीने लिहून काढण्याचे ठरविले. त्यात जे शिकलो ते येथे देत आहोत.

की-बोर्ड केबलने संगणकाला जोडला की मिडीची नोंद होते. मिडी ही 1983 साली ठरलेली वाद्यांची भाषा. तिच्यात आवाज नसतो. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली, एवढेच तिला कळते. मधली पांढरी एक म्हणजे 60, शेजारची काळी एक म्हणजे 61.

काकांनी एक प्रवेशगीत वाजविले. आम्ही ती फाइल म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि लगेच छापलीही. दोन पानांच्या गीताची नऊ पाने झाली! गीत तीन मात्रांचे, छापले चारच्या हिशेबाने. वेग सांगितला नसेल तर मिडी मिनिटाला 120 मात्रा गृहीत धरते. काकांची लय कितीतरी संथ.

मग मेट्रोनोम लावून वाजवायला सांगितले. ते काकांना जमेना, आणि खरे तर आम्हालाही आवडले नाही. ओळ संपली की लोकांना श्वास घेता यावा म्हणून ते क्षणभर थांबतात. तेच नाहीसे झाले. शेवटी त्यांना मोकळेपणी वाजवू दिले. नंतर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐकत ऐकत प्रत्येक मात्रेची रेघ त्या त्या स्वराखाली सरकवली. एका गीताला एक संध्याकाळ गेली, पण सगळे काम यावरच उभे आहे. ओळीअखेरचा थांबा लांब स्वर म्हणून न लिहिता स्वरावर विरामाची खूण, म्हणजे फर्माटा, दिली.

यानंतर स्वर मात्रांच्या घरांत बसवायचे. याला क्वांटाइझ म्हणतात. समजा, एका मात्रेचे 480 भाग आहेत. काकांनी स्वर 430 भाग धरला. घर 60 भागांचे ठेवले तर सॉफ्टवेअर 420 भागांचा, दोन टिंबांचा स्वर लिहिते आणि पुढे चिमुकला विराम ठेवते. घर 240 चे केले की सरळ एक मात्रेचा स्वर येतो. मात्र घर फार मोठेही नको. एका गीतात एका मात्रेत तीन स्वर आहेत. मोठ्या घरात ते मोडले. तेवढ्या जागी ट्रिप्लेट हाताने लिहावे लागले.

दोन्ही हात एकाच ओळीत आले होते, तेही वेगळे केले. सॉफ्टवेअर एका ठराविक पट्टीवर रेघ मारून हात तोडते. काकांचा डावा अंगठा मात्र वारंवार ती रेघ ओलांडतो. तेथे त्यांनाच विचारले. 61 क्रमांकाचे तसेच. आमच्याकडे डी फ्लॅट छापून आला. गीत डी मेजरमध्ये होते, तेव्हा तो सी शार्प हवा. पट्टी तीच, पण वाचणारा अडखळतो.

मूळ नोंद मात्र आम्ही तशीच जपून ठेवली आहे; दुरुस्त्या नेहमी तिच्या प्रतीवर करतो.

तयार पान काकांना दाखवून उपयोग नव्हता, कारण ते नोटेशन वाचत नाहीत. म्हणून पियानो शिकणाऱ्या एका मुलीला, जिने ते गीत कधी ऐकले नव्हते, पान वाजवायला दिले आणि काका शेजारी बसले. दोन ठिकाणी त्यांनी हात वर केला. तिसऱ्या कडव्यात ते गुणगुणू लागले.

चार गीते झाली आहेत. नाताळची बाकी आहेत.