गढूळ नमुन्यातील विषाणू

युगांडातील बालकांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या अर्बुदावरील डेनिस बर्किट यांचे व्याख्यान १९६१ मध्ये लंडनला ऐकताना अँथनी एप्स्टाइन यांना विषाणूची शंका आली. अर्बुदाचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात दोन वर्षे गेली. हाती काहीच लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळले, नमुना उशिरा व गढूळ अवस्थेत पोहोचला. जंतुसंसर्ग समजून आपण तो बहुधा फेकलाच असता! एप्स्टाइन यांनी आधी त्यातील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अर्बुदाच्या सुट्या, जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. त्या प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा पहारा तेथे नव्हता. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांतील एका पेशीत विषाणू दिसला.