विमानकंपनीचा हिशेब कसा तपासावा?

“आम्ही पृथ्वीची काळजी वाहतों,” असें एखादी विमानकंपनी म्हणूं लागली, तर सुज्ञ मनुष्यानें प्रथम तिचा हिशेब मागावा. विमानाचें १ किलो इंधन जळलें म्हणजे त्यांतील कर्बाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन सुमारें ३.१६ किलो कर्बाम्लवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, उत्पन्न होतो. यास्तव वर्षभरांत एकंदर इंधन किती जळलें, हा पहिला प्रश्न होय. दर प्रवाशामागें इंधन शेंकडा १० वांचलें, पण प्रवासी दीडपट झाले, तर एकंदर वायु शेंकडा ३५ वाढतोच.

दुसरा प्रश्न असा, कीं झाडें लावल्यानें हा वायु खरोखर भरून निघतो काय? हॉलंडमधील केएलएम कंपनीच्या जाहिरातींतील १९ विधानें आमस्टरडॅमच्या न्यायालयापुढें आलीं; त्यांपैकीं १५ विधानें २० मार्च २०२४ रोजीं दिशाभूल करणारीं ठरलीं. वृक्षारोपणाचें व नव्या इंधनाचें फळ फार फुगवून सांगितलें होतें. जाहिरात करण्यास मनाई झाली नाहीं. मात्र ती प्रामाणिक व स्पष्ट असावी, असें न्यायालयानें बजाविलें.

विद्यार्थ्यांनो, ज्या शेतकऱ्यानें विमानांत कधीं पाऊलही ठेविलें नाहीं, त्याच्या पिकालाही वाढत्या उष्णतेची झळ लागते. म्हणून गोड शब्दांपुढें आंकडा मागणें हें प्रत्येकाचें कर्तव्य होय.