ऑस्ट्रेलियांतील शेतावरील सरपणाची करवत व मेढींची छपरी

तेलाच्या इंजिनावर चपटा पट्टा चढवून उसाचा चरक फिरविण्याची रीत आमच्या कित्येक वाचकांच्या घराण्यांत दोन पिढ्या चालली. याच इंजिनावर व याच पट्ट्यावर ऑस्ट्रेलियांतील शेतकरी वर्षाचें सरपण कापून ठेवीत असे. त्याची करवत व ती ज्या छपरींत उभी असे ती छपरी, या दोहोंचा विचार आम्ही येथें करणार आहोंत. देश दूरचा असला तरी त्यांतील धडा आमच्याहि उपयोगाचा आहे.

प्रथम लांकडाविषयीं. तेथील सरपण मुख्यतः निलगिरीच्या कुळांतील झाडांचें असतें. वाळलेल्या रेड गम लांकडाचें वजन घनमीटरास सुमारें ९०० किलो, तर आयर्नबार्कचें सुमारें १,१०० किलो भरतें. म्हणजे आयर्नबार्क पाण्यांत बुडतें. आपला साग सुमारें ६५० किलो भरतो, यावरून तुलना व्हावी. असें लांकूड सावकाश जळतें व त्याचा निखारा फार वेळ टिकतो. परंतु तोडणारास तें तितकेंच छळतें. पूर्वीं तें कुऱ्हाडीनें व दोघांनीं ओढावयाच्या लांब करवतीनें कापीत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून शेतावर लहान इंजिनें आलीं. बॅलरॅट येथील रोनाल्डसन-टिपेट व इंग्लंडांतील लिस्टर यांचीं इंजिनें तेथें चांगलीं परिचित होतीं. पुढें ट्रॅक्टरच्या पुलीवरहि पट्टा चढूं लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर हातांत धरावयाची सांखळीची करवत पसरली, आणि जुनी गोल करवत छपरींत गंजत पडली.

या करवतीची रचना साधी असे. जाड लांकडांची चौकट, तिच्यावर दोन बेअरिंगांत फिरणारा दांडा, दांड्याच्या एका टोंकास गोल पातें व दुसऱ्या टोंकास पुली. ओंडका पात्याकडे नेण्याकरितां पाळण्यासारखी झुलती बैठक असे. इंजिन कांहीं अंतरावर ठेवीत. पट्टा लांब असल्यास, व त्याची ओढणारी बाजू खालीं आणि सैल बाजू वर असल्यास, वरची बाजू स्वतःच्या वजनानें लोंबून पुलीस अधिक विळखा घालते. त्यामुळें पट्टा कमी घसरतो.

आतां वेगाचा हिशेब पाहूं. पात्याच्या कडेचा वेग मिनिटास ९ ते १० हजार फूट असावा, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. पातें ३० इंच व्यासाचें असेल तर परीघ सुमारें ७.८५ फूट होतो. इंजिन मिनिटास ६०० फेरे घेत असून त्याची पुली १४ इंचांची व करवतीची ७ इंचांची असेल, तर ६०० ला १४ नें गुणून ७ नें भागावें. १,२०० फेरे येतात. त्यांस ७.८५ नें गुणिलें म्हणजे कडेचा वेग ९,४२० फूट झाला. हा योग्य आहे. परंतु हातांशीं आहे म्हणून करवतीस ५ इंचांची पुली बसविली, तर फेरे १,६८० व वेग १३ हजार फुटांवर जातो. पातें ठराविक वेगासाठींच हातोडीनें ठोकून ताणलेलें असतें. वेग त्याबाहेर गेला म्हणजे तें थरथरूं लागतें, आणि थरथरणाऱ्या पात्याजवळ उभें राहणें म्हणजे आपण होऊन मृत्यूस बोलावणें होय.

या जुन्या करवतींवर बहुधा आच्छादन नसे, आणि हाताचें बोट किंवा पंजाच गमावल्याच्या गोष्टी तेथील खेड्यापाड्यांतून ऐकूं येतात. अपघाताचीं कारणें मुख्यतः तीन. गोल ओंडका नीट न धरल्यास पात्याशीं लागतांच तो गरकन् फिरतो व हातास ओढून नेतो. ओंडक्याचें टोंक आधाराविना लोंबत असल्यास चीर मिटून पातें चेंगरतें, आणि लांकूड उसळून अंगावर येतें. तिसरें कारण सैल कपडा पट्ट्यांत सांपडणें. म्हणून जुनी करवत पुनः चालविण्याची इच्छा असेल त्यानें प्रथम दांतांच्या बुडाशीं चीर आहे कीं काय तें पाहावें. चीर सांपडल्यास तें पातें भिंतीवर टांगावें, दांड्यावर नव्हे. पात्यावर व पट्ट्यावर आच्छादन बसवावें, आणि यंत्र पूर्ण थांबल्याखेरीज भुसा काढूं नये.

छपरीची गोष्टहि शिकण्यासारखी आहे. शेतावरच तोडलेल्या झाडांच्या मेढी, त्यांवर तुळया, व जोडांस कुंपणाच्या तारेचा पीळ. प्रारंभीं छपरावर स्ट्रिंगीबार्क झाडाची रुंद साल घालीत. मागाहून नालीदार जस्ती पत्रा आला. वाळवीस दाद न देणारें लांकूड निवडलें, तर अशी बांधणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. क्वीन्सलंडांतील जोंडार्यान येथें १८५९-६० सालीं बांधलेली लोकर कातरण्याची मोठी शाळा आजहि उभी आहे. सरपणाच्या छपरीस भिंती थोड्या ठेवीत, कारण वारा खेळला तरच लांकूड वाळतें. ओलें लांकूड चुलींत घातल्यास त्याची पुष्कळ उष्णता पाण्याची वाफ करण्यांतच खर्चीं पडते. आंखूड कापून, फाडून, रचून वर्षभर वाळविलेलें थोडें सरपण ओल्या पुष्कळ सरपणाचें काम करतें. करवत व छपरी यांची खरी जोडी ती ही.

शेवटीं एक सावधगिरीची गोष्ट. सुकलेलें झाड निरुपयोगी, असें समजून तेथें तीं झाडें सरसकट तोडण्यांत आलीं. परंतु निलगिरीच्या झाडांस मोठी ढोली पडण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि पोपट, घुबडें व अनेक लहान प्राणी त्या ढोलींतच राहतात. म्हणून सुकलेलीं झाडें व पडलेलें लांकूड हलविणें हें वन्य जीवांस धोक्याचें आहे, असें न्यू साऊथ वेल्स राज्यानें २००३ सालीं ठरविलें. आमच्या बांधावरील जुन्या बाभळीसहि हाच न्याय लागूं पडतो. जें तोडावयाचें तें मोजून तोडावें, नीट वाळवावें, आणि ढोलीचें झाड ढोलींत राहणाऱ्यांस ठेवावें. असें करणाराची चूलहि पेटती राहील व बांधहि ओसाड पडणार नाहीं.