प्रवासात केसांची जट का होते?

नांदेड-लातूर भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले बरोबर गेली की शाळेच्या हजेरीपटावर चार-पाच महिने रिकामे राहतात.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर अशाच एका शाळेत मी घर्षणाचे प्रयोग दाखवायला गेलो होतो. तास संपल्यावर नववीतील एक मुलगी बाईंच्या आडोशाने पुढे आली. तासभर तिने डोक्यावरची ओढणी काढली नव्हती. ती हळूच म्हणाली, "सर, कारखान्यावरून आल्यापासून मानंवरचे केस सुटंनात. आजी म्हणती, जट आलीय, देवीची हाय, कात्री लावू नको. खरं हाय का?"

मी घर्षणावर बोलायला गेलो होतो आणि तिचा प्रश्नही घर्षणाचाच होता. त्याचे उत्तर आपण क्रमाने शोधू या.

प्रथम एक प्रयोग करा. डोक्यावरचा एक लांब केस मुळासकट घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तो सैल धरा आणि अंगठा केसाच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे हलवा. अंगठा दोन्ही दिशांना सारखाच हलतो, तरी केस मात्र एकाच दिशेने सरकत जातो. मुळाकडचे टोक नेहमी पुढे! आता केस उलटा धरून पाहा. तरीही मूळच पुढे जाईल.

असे का व्हावे? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याची जाडी साधारणपणे एक मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढी असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर बारीक खवले दिसतात. कौलारू छपरावर कौले जशी एकावर एक बसवलेली असतात, तसे हे खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे असतात. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर ते सहज घसरते. उलट फिरवले तर कडांना अडते. म्हणजेच केसाचे घर्षण दोन दिशांना वेगवेगळे आहे. म्हणून चिमटीतला केस मुळाच्या बाजूला सरकतो, मागे येऊ शकत नाही.

आता दुसरी गोष्ट. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. विंचरताना ते फणीत येतात. विंचरलेच नाही तर? दिवसाला ७५ केस धरले तर महिन्याला ७५ × ३० = २,२५० सुटे केस होतात. त्यांतले पुष्कळसे डोक्यावरच अडकून राहतात. मान हलते, उशीला डोके घासते, डोक्यावर मोळीचे ओझे येते. प्रत्येक हालचालीने सुटा केस मूळ पुढे करून शेजारच्या केसांत शिरतो आणि मागे फिरत नाही. गुंता घट्टच होत जातो. लोकर ओली करून, साबण लावून, चोळून जो नमदा बनवतात, त्याच्यामागेही हेच तत्त्व आहे. जट म्हणजे डोक्यावर तयार झालेला नमदा होय.

पण ती गावी असताना का झाली नाही? येथे पाण्याचा संबंध येतो. ऊसतोडीचा दिवस पहाटेच सुरू होतो. अंगावर पाचटाची धूळ आणि उसाची कूस बसते. कोपीजवळ पाणी दुरून आणावे लागते. ते आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला आणि उरले तर न्हाण्याला. पाणीटंचाई आपल्यालाही नवी नाही. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

शिवाय विंधनविहिरीचे पाणी बहुधा दुष्फेन असते. खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. साबण अल्कधर्मी असल्याने खवल्यांच्या कडाही उचलल्या जातात. कडा उचललेल्या, वर चिकट थर, त्यात धूळ; घर्षण वाढायला आणखी काय हवे?

हे पडताळण्यासाठी दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे आणि दुसरीत विंधनविहिरीचे पाणी सारख्या मापाने भरा. दोन्हींत साबणाचे द्रावण थेंब-थेंब टाकून हलवा. टिकाऊ फेस येण्यास कोणत्या बाटलीला किती थेंब लागले, ते वहीत लिहा. फरक पाहून तुम्ही चकित व्हाल.

कारण समजले की उपाय अवघड राहत नाही. ऊसतोड असो, पंढरीची वारी असो की परगावचे वसतिगृह. लांब मुक्कामाला निघताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केस मोकळे न ठेवता सैल वेणी घालावी व कामाच्या वेळी रुमाल बांधावा. केस हललेच नाहीत तर गुंतणार कसे? थोडे खोबरेल तेल लावावे. यंत्राला वंगण, तसे केसाला तेल. रोज रात्री पाच मिनिटे रुंद दातांच्या फणीने विंचरावे. सुरुवात टोकाकडून करून हळूहळू मुळाकडे जावे, म्हणजे गाठ वरून खाली ढकलली जाऊन आवळत नाही. दुष्फेन पाण्यात साबणाऐवजी शिकेकाई किंवा शाम्पू वापरावा. त्यांचा असा साका होत नाही. फणी प्रत्येकाची वेगळी असावी, म्हणजे उवा पसरत नाहीत.

जट दैवी मानल्यामुळे कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे तिचा भार वाहतात. मान दुखते, डोके धुता येत नाही, खाली उवा आणि जखमा होतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक स्त्रियांची समजूत घालून त्यांना जटेतून मोकळे केले आहे.

त्या मुलीच्या आजीला बाईंनी शाळेत बोलावले. आम्ही वाद घातला नाही. आजींच्या हातात एक केस दिला आणि चिमटीचा प्रयोग त्यांच्याकडूनच करून घेतला. केस सरकताना त्यांनी दोनदा उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "तेल आणा." दोन संध्याकाळी तेल लावून, बोटांनी उकलून बराचसा गुंता सुटला. मधली मूठभर गाठ मात्र निघेना. ती आजींनीच कात्रीने कापली.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत सुमारे सात महिने. ती पुन्हा टोळीबरोबर निघेल तेव्हा कापलेल्या जागी केस किती लांब झाले असतील, हे गणित तिने मला तोंडीच करून दाखवले. मग तिने ओढणी डोक्यावर घेतली नाही, खांद्यावर टाकली आणि ती वर्गात गेली.